मशीनची शिलाई चालत नाही

माझा राग नाकावर असतो असं सगळे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. गिऱ्हाइकानं दोनदा फिटिंग बदलायला लावलं की मी तिसऱ्यांदा सरळ दार दाखवते. पण त्या टकळीवालीचा मला जो राग आला तो नाकावरचा नव्हता. तो पोटातून आला होता. त्याला मत्सर म्हणतात हे कुणी मला समजावून सांगायला नको. मी जळत होते. उघड उघड जळत होते, आणि वर तिला चहा पण पाजत होते.

गोष्ट माझ्या धाकटीची आहे. आई गेली तेव्हा ती शाळेतसुद्धा जात नव्हती आणि मी शिवणाच्या क्लासला लागले होते. तिची वेणी मी घातली, तिचं डबा-दप्तर मी बघितलं, तिच्या अंगावर चढलेला एकूण एक कपडा मी शिवला. पुढे ती पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात लागली, लग्न काही तिनं केलं नाही, आणि माझ्याच घरातल्या मागच्या खोलीत राहिली. आमचे हे बस चालवतात आणि घरी आल्यावर तोंड उघडत नाहीत, त्यामुळे घरात बोलायला आम्ही दोघीच. माझं दुकान खालीच आहे. दिवसभर मशीन चालायचं आणि संध्याकाळी ती ऑफिसातून आली की स्टुलावर बसून बटणं लावत लावत सगळ्या ऑफिसची उणीदुणी सांगायची.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो सुरू झालं, आणि एक दिवस डॉक्टरांनी मला एकटीला खोलीत बोलावलं. औषधं चालू ठेवू म्हणाले, पण आशा फार धरू नका. पुढचा उन्हाळा बघितला तर आपलं नशीब म्हणायचं. मी बाहेर आले, बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि तिला सांगितलं की डॉक्टर एकदम खूश आहेत. हे मी आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलं नाही. त्या दिवसापासून तिचा एकेक तास मला हवा होता. सगळाच्या सगळा. कुणाला वाटा द्यायची माझी तयारी नव्हती, आणि नेमकी तेव्हाच ही बया उगवली.

केमोच्या हॉलमध्ये ओळीनं आरामखुर्च्या असतात आणि पेशंटबरोबर एकालाच बसू देतात. मी खाली औषधाच्या दुकानात इंजेक्शन आणायला गेले होते. रांग होती, यायला उशीर झाला. वर येऊन बघते तर शेजारच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्याची मुलगी आमच्या धाकटीच्या खुर्चीला खुर्ची लावून बसलेली. तिच्या हातात टकळी. काठीला खाली लाकडाची चकती, ती गरगर फिरत होती, आणि पिंजलेल्या लोकरीचा पेळू होता आमच्या धाकटीच्या हातात. धाकटीच्या एका हाताला सुई लावलेली, म्हणून तो हात उशीवर, आणि दुसऱ्या मोकळ्या हातानं ती लोकर हळूहळू सोडत होती. एकीनं फिरवायचं, दुसरीनं सोडायचं, आणि मधे दोरा तयार होतोय. दोघींचे हात मिळून एक काम चाललेलं. धाकटी जीभ दातात धरून त्या दोऱ्याकडे बघत होती. मी आलेय हे तिला कळलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, सुई हलेल. त्यावर ती बाई हसून म्हणाली, नाही ताई, मी लक्ष ठेवून आहे. ताई! हिची ताई मी कधी झाले? आणि लक्ष ठेवायला मी काय मेले होते?

तर ही टकळीवाली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करते. अंगानं भरलेली, आवाज मोठा, आणि काही झालं तरी चिडत नाही, हा तिचा सगळ्यात वाईट गुण. तिचं एक मंडळ होतं. सगळी नोकरीधंद्यातली माणसं. महिन्यातून दोन रविवार नदीकाठी जुन्या तटाखाली तंबू ठोकायचे आणि चारशे वर्षांपूर्वी माणसं जशी राहायची तसं राहायचं. चकमकीनं विस्तव पेटवायचा, मागावर कापड विणायचं, भाल्या-तलवारींनी खोटं खोटं लढायचं. बाहेर दोरी बांधलेली, आणि लोक दोरीपलीकडून बघायला येतात. लोहार होता तो खरा दातांचा डॉक्टर, सरदार होता तो विमा विकायचा. हे सगळं आमच्या धाकटीनं मला जेवताना सांगितलं आणि मी म्हटलं, मोठी माणसं ही, यांना घरी कामं नाहीत का?

ती हसली नाही. आधी माझ्या असल्या बोलण्यावर हमखास हसायची.

मग घरात लोकर आली. नुसती लोकर नाही, मेंढीच्या अंगावरून उतरवलेली जशीच्या तशी, काड्या-लेंड्यांसकट. बाथरूममधल्या बादलीत ती भिजत पडलेली असायची आणि सगळ्या घराला गोठ्याचा वास. धाकटीला साध्या फोडणीचा वास सहन होत नव्हता, माझ्या हातची आमटी बघून ती ताट सरकवायची, आणि त्या बादलीत कोपरापर्यंत हात घालून बसायची. वास येत नाही का गं, म्हटलं. म्हणाली, येतो की, पण हा चांगला आहे. मग दोन ब्रश घेऊन ती पिंजायची, पेळू करायची, खिडकीत उभी राहून टकळी सोडायची. सुरुवातीला तिचा दोरा म्हणजे बघण्यासारखा होता. इथे सुतळी, तिथे केस, मधेच गाठ. पण महिनाभरात सरळ निघायला लागला. हात तेवढे बारीक झाले होते, शिरा काळ्या पडल्या होत्या, आणि दोरा मात्र चांगला येत होता.

एकदा दुपारी दुकानात कुणी नव्हतं. धाकटी वर झोपली होती. तिची टकळी मी खाली आणली आणि दार लोटून घेतलं. म्हटलं, माझा सगळा जन्म दोऱ्यात गेला, मला काय येणार नाही? फिरवली की दोरा तुटायचा. हळू फिरवली की टकळी उलटी फिरून होता नव्हता तो पीळ सोडून द्यायची. तीन वेळा ती पायावर आपटली. माझा असा तिळपापड झाला की मी तिला काही बाही बोलले, त्या लाकडाला. मग गुपचूप वर नेऊन होती तिथे ठेवली आणि मशीनवर एक पडदा फडाफडा शिवून टाकला.

टकळीवालीच्या वडिलांचं केमो संपलं. मी मनात म्हटलं, सुटले. पुढच्या खेपेला बघते तर ही आपली हजर! वडील घरी, आणि ही चष्म्याच्या दुकानातून सुट्टी काढून आमच्या धाकटीसाठी आलेली. हॉलमध्ये एकालाच बसू देतात. नर्सनं दोघींकडे बघितलं. धाकटी म्हणाली, ताई, तू रोजच माझ्यापाशी असतेस, आज जरा दुकान बघ ना. तिनं चांगल्या मनानं म्हटलं असेल. मला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. मी दुकान उघडलंच नाही. हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर बसून राहिले, आणि दर वेळी काचेचं दार उघडलं की आतून हिचं हसू ऐकू येतंय का ते बघत होते. धाकटीचं हसू म्हणतेय मी. येत होतं.

रविवारी ती तिकडे जायला लागली. टकळीवाली गाडी घेऊन यायची, उशी ठेवायची, पाणी ठेवायची, हात धरून जिना उतरवायची. मला म्हणायची, तुम्ही पण चला ना ताई. धाकटीनंसुद्धा दोनदा म्हटलं. मी म्हटलं, मला सोंगं घ्यायला वेळ नाही. जायचं तर होतं. पण त्या बाईच्या गाडीत मागच्या सीटवर पाहुण्यासारखं बसून जायचं? त्यापेक्षा घरी जळत बसलेलं बरं.

त्यांचा एक नियम धाकटीनं मला सांगितला होता. दोरीच्या आत आलं की आपलं नावगाव विसरायचं. त्या काळातलं एक आयुष्य घ्यायचं, घर, धंदा, नातीगोती सगळं ठरवून, आणि बघे समोर असेपर्यंत ते सोडायचं नाही. कुणी काही विचारलं तर त्या आयुष्यातून उत्तर द्यायचं. तिला वाटत होतं मी विचारेन, तू कोण झालीस म्हणून. ती वाट बघत होती, मला दिसत होतं. मी नाही विचारलं. विचारलं असतं तर तिला वाटलं असतं की मला त्यात रस आहे. मी म्हटलं, भाजीत मीठ बरोबर आहे का?

तरी माझ्यानं राहवलं नाही. कपड्याच्या बाबतीत मला कुणी मागे टाकावं हे काही होणं नव्हतं. तिच्या फोनमधला फोटो बघून ठेवला, जाडंभरडं मातकट कापड शोधून आणलं, आणि ती झोपली असताना पायघोळ झगा शिवला. तिचं माप मला घ्यावं लागत नाही. आता किती उतरलीय तेही नजरेनं घेतलं आणि आत मार्जिन भरपूर ठेवलं, पुढे अंग भरलं तर सोडायला. गळ्याला पट्टी, बाहीला चुण्या, तळाला दुमड. असं काम मी लग्नाच्या कपड्यांनासुद्धा करत नाही. तिच्या पुढ्यात ठेवला तेव्हा तिनं तो गालाला लावला. मग तळ उलटवून बघितला, आणि तिचं तोंड उतरलं.

"ताई, सुंदर झालाय गं," ती म्हणाली. "पण मशीनची शिलाई चालत नाही. दोरीच्या आत सोडताना मंडळवाले उलटवून बघतात."

मी म्हटलं, बरं, फरशी पुसायला होईल. ती म्हणाली, असं काय बोलतेस? मी म्हटलं, मग काय बोलू? चारशे वर्षांपूर्वी मशीन नव्हतं हा माझा गुन्हा आहे का? तिनं झगा घडी घालून ठेवला. रविवारी ती टकळीवालीनं हातानं शिवलेला झगा घालून गेली. एक बाही लांब, एक आखूड, खांद्याची शिवण मानेकडे आलेली, टाके असे की क्लासमधल्या पहिल्या आठवड्यातल्या पोरींनी लाजावं. ते तिच्या अंगावर! आणि मी शिवलेला ती रात्री झोपताना घालायची. आमच्या ह्यांनी महिन्याभरानंतर तोंड उघडून एवढंच म्हटलं की निदान घालते तरी. मी त्यांना म्हटलं, तुम्ही बस चालवा.

पाऊस संपला, थंडी पडली. औषध बदललं. डॉक्टरांनी मला पुन्हा आत बोलावलं आणि पुन्हा तेच सांगितलं, फक्त यावेळी उन्हाळ्याचं नाव काढलं नाही. मी पुन्हा तोंड धुतलं. बाहेर धाकटी टकळीवालीच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. काय म्हणाले, तिनं विचारलं. म्हटलं, औषध लागू पडतंय. तिनं मान डोलावली आणि टकळीवालीनं खाली बघितलं. मला वाटलं, हिला का खाली बघायला होतंय? हिचं काय जातंय?

त्यानंतरच्या रविवारी धाकटी उलटीच्या गोळ्या टेबलावर विसरून गेली. खरं सांगते, दुसरी पट्टी तिच्या पर्समध्ये असते हे मला पक्कं माहीत होतं. मला निमित्त हवं होतं. गोळ्या मुठीत धरून मी बस पकडली.

नदीकाठी धूर, धूळ, माणसांची ही गर्दी. तो दातांचा डॉक्टर घण मारत होता, विम्याचा सरदार घोड्याशिवाय इकडून तिकडे करत होता. हसायला यावं असं सगळं होतं, पण मला हसू आलं नाही, कारण मला धाकटी दिसली. एका तंबूच्या तोंडाशी बुटक्या स्टुलावर बसून ती सूत कातत होती. डोईला फडकं घट्ट बांधलेलं. घरी ती टोपी घालून बाहेर पडली की लोक वळून बघायचे, केस गेलेत हे लगेच कळायचं. इथे सगळ्याच बायांच्या डोईला फडकं होतं. कुणी वळून बघत नव्हतं. शेजारी टकळीवाली मागावर बसली होती.

दोरीपाशी बघे होते, मी त्यांच्या मागे उभी राहिले. कुणीतरी विचारलं, तुम्ही दोघी कोण? धाकटी न अडखळता म्हणाली, "ही माझी बहीण. कापड ही विणते, सूत मी कातते."

ही माझी बहीण.

सोंग आहे, खोटं आहे, सगळं कळत होतं. पण सोंग घ्यायला कुणाची सक्ती होती? शेजारीण झाली असती, मालकीण झाली असती, मोलकरीण झाली असती. आईविना वाढवलेली माझी पोर, आणि तिनं सगळ्या जगातून बहीण म्हणून निवडली ती ही, जिला खांद्याची शिवण सरळ घालता येत नाही.

तेवढ्यात दुसरं कुणी विचारलं, दोघीच राहता? धाकटी म्हणाली, नाही, तिघी. थोरली आत अंथरुणावर आहे. आजारी आहे. तिचं सगळं मीच करते.

म्हणजे मला पार आडवी पाडली होती. बघे माना वळवून तंबूच्या आत डोकवायला लागले. आत अंधारात कांबळ्याखाली काहीतरी माणसाएवढं निजलेलं दिसत होतं. मी गोळ्या तिथेच टाकून निघाले असते, पण टकळीवालीनं मला बघितलं. तिनं शांतपणे माग थांबवला, तंबूला वळसा घालून आली आणि दोरी उचलून मला मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथे बघे नव्हते. मी वाटच बघत होते.

"माझी बहीण तुमची बहीण कधी झाली?" मी म्हटलं. "मला कळू तरी द्या. वाढवली मी, रात्री उठते मी, आणि बहीण तुम्ही?"

ती चिडली नाही, अर्थातच. हात झग्याला पुसत म्हणाली, "थोरलीची जागा मी मागितली होती. वयानं मी मोठी आहे ना. ती नाही म्हणाली. ती जागा भरलेली आहे म्हणाली. मग मी मधली झाले."

मी विचारलं, आत कोण निजलंय? म्हणाली, कुणी नाही, कांबळ्याचं गाठोडं आहे. सगळ्यांनी तिला सांगितलं की हे कशाला, दोघी बहिणी पुरेत. पण ती ऐकेना. दर खेपेला ती आधी ते अंथरूण घालते, मग बाकीचं. मग म्हणाली, "येता का आत? गाठोड्यापेक्षा बरं दिसेल."

मी का हो म्हटलं ते मला आजही सांगता येणार नाही. जळायची पण एक सीमा असते, त्यापुढे माणूस काहीही करतो. आडोशाला जाऊन मी माझे कपडे उतरवले, मशीनवरचे सगळे. चष्मा काढला, घड्याळ काढलं. तिचा जास्तीचा झगा अंगात घातला. बगलेत काचत होता. मी म्हटलं, ही बाही उलटी लावलीय तुम्ही. म्हणाली, माहीत आहे, मला जमत नाही, शिकवाल का? तिनं माझ्या डोईला फडकं बांधलं, आणि मागच्या बाजूनं आम्ही आत शिरलो. गाठोडं काढून मी त्या अंथरुणावर आडवी झाले. वर कांबळं. त्या सुताच्या गाठी मी ओळखल्या. धाकटीचं सुरुवातीचं सूत होतं ते, इथे सुतळी, तिथे केस.

टकळीवाली मागावर परत गेली आणि थोड्या वेळानं धाकटी हातात लाकडी वाडगा घेऊन आत आली. तिच्यामागून पाचसहा बघे तंबूच्या दारापर्यंत आले होते. ती गाठोड्याला भरवायला वाकली, आणि गाठोड्याला माझं तोंड होतं.

ती थबकली. वाडगा कलंडला, थोडी पेज माझ्या गळ्यावर सांडली. मला वाटलं आता ही नियम मोडणार. पण मोडला नाही तिनं. खाली बसली, फडक्याच्या टोकानं माझा गळा पुसला आणि म्हणाली, उठू नकोस, दमशील. हे माझं वाक्य आहे. मग तिनं माझ्या डोक्याखालची उशी ओढून दोन धपाटे घालून परत सारली, तीही माझीच पद्धत. लाकडी चमचा ओठाशी आणून म्हणाली, तोंड वाकडं करू नकोस, पथ्याचं आहे, दोन घोट घे, मग पाहिजे तेवढी कुरकुर कर. शब्दच काय, आवाजसुद्धा माझा. एवढी चिडकी मी आहे हे मला माहीत नव्हतं. बेचव पेज होती. गिळली.

दारातल्या एका बाईनं, टोपी घातलेली, मोठी पिशवी खांद्याला, अगदी हळू आवाजात विचारलं, "काय झालंय त्यांना?"

"पोटात गाठ आहे," धाकटी म्हणाली.

"बऱ्या होतील ना?"

"नाही." ती माझ्याकडे बघत नव्हती, वाडग्यात चमचा फिरवत होती. "वैद्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय. मी हिला सांगितलेलं नाही. बाहेर येते, तोंड धुते, आणि सांगते की बरी होशील."

"आणि यांना कळत नाही?"

"कळतं की. माझं तोंड ओलं असतं, कळणार नाही का? पण ही विचारत नाही. विचारलं तर मी रडेन, आणि मला रडताना बघायची हिला सवय नाही."

मागाचा आवाज थांबला होता. मी कांबळ्याखाली डोळे मिटून पडले होते. तिला माहीत होतं. कधीपासून, पहिल्या दिवसापासून? टकळीवालीला माहीत होतं, या सगळ्या सोंगाड्यांना माहीत होतं, आता त्या टोपीवाल्या बाईलाही माहीत झालं, आणि मी एकटी खालीवर जिने चढत तोंडं धूत होते. आणि एवढं झालं तरी माझ्या मनात काय आलं असेल? लाज वाटते सांगायला. तेच आलं, जे गेले सहा महिने येत होतं. मी डोळे उघडले.

"रात्री माझ्यापाशी कोण बसणार?" मी म्हटलं. आवाज फाटला, पण आजारी माणसाचा असतोच. "शेवटी शेवटी. तू की ती?"

धाकटीनं तेव्हा माझ्याकडे बघितलं. आजारी कोण आणि करणारी कोण, यात तिचा क्षणभरही गोंधळ झाला नाही. तिनं कमरेवर हात ठेवला, हनुवटी पुढे काढली, अगदी मी गिऱ्हाइकाला दार दाखवताना काढते तशी.

"मी बसणार," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला बसू देते का मी? तिला नुसता पाय तर ठेवू दे आत, जिन्यावरून खाली पाठवीन तिला. लोकर-बिकर सगळं घेऊन."

दारातले लोक हसले. बाहेर मागापाशी टकळीवाली सगळ्यात मोठ्यानं हसली, आणि मग नाक ओढल्याचा आवाज आला. लोक हळूहळू लोहाराकडे सरकले. टोपीवाली बाई जाताना आपल्या थोरल्या बहिणीला फोन लावत होती, की आणखी कुणाला, मला कळलं नाही.

धाकटीनं कांबळं माझ्या गळ्यापर्यंत ओढलं आणि कडा दाबून बसवली. तिचा हात एवढासा राहिला होता. मी तो धरला. काय बोलायचं ते सुचेना, मला, जिची टकळी दिवसभर बंद नसते. तिनं हात सोडवून घेतला नाही, पण दाराकडे बघितलं. दोरीपाशी नवे लोक येऊन उभे होते, आणि कुणीतरी विचारत होतं की आत कोण आहे.

"ताई," ती हळूच म्हणाली, "पुढचे लोक आले. रडायचं असेल तर तोंड आत घे."

मी कांबळं डोक्यावरून ओढून घेतलं.